एक हंगाम बेवडासाठी : बुऱ्हाणपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी,
बुऱ्हाणपूर जिल्हा, मध्य प्रदेश



आपल्या कार्यालयाचा कारभार हिंदीत चालतो, तरी हे पत्र मी मराठीत लिहितो आहे. शाहपूर, इच्छापूर, बुऱ्हाणपूर आणि आमच्या नेपानगर तालुक्यातल्या बांधांवर केळीविषयी जे बोलले जाते, त्यातले बरेचसे मराठीत बोलले जाते. मृगबाग, कांदेबाग, नवती, पिलबाग हे शब्द रावेर-सावद्याकडून इकडे आले की इथून तिकडे गेले, कुणी सांगू शकणार नाही. ज्या एका शब्दासाठी हे पत्र लिहायला बसलो, तोही मराठीच आहे. तो शब्द म्हणजे बेवड.

बेवड म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीला ज्या अवस्थेत सोडले ती अवस्था. हरभऱ्याचा बेवड गव्हाला मानवतो, तागाचा जवळजवळ कोणत्याही पिकाला मानवतो. दुसऱ्याचे शेत करायला घेताना जुना शेतकरी पाण्याआधी हेच विचारायचा : बेवड कशाचा आहे? आज आपल्या जिल्ह्यात सुमारे २५ हजार हेक्टरवर केळी आहे. त्यातल्या बहुतेक शेतांत हा प्रश्न विचारला तर उत्तर येते, केळीचा. आणि त्याआधी? केळीचाच. तापीकाठी अशी शेते आहेत की ज्यांत घरातल्या तरुण मुलाने जन्मापासून दुसरे पीक पाहिलेले नाही.

माझे शेत त्यांतलेच एक. वडिलांनी त्यात बसराईचे कंद लावले होते. पुढे श्रीमंती आली, मग ऊतिसंवर्धित ग्रँड नैन, जिला सगळे जी-नाइन म्हणतात. ठिबक आले, विद्राव्य खते आली, घड मोठे झाले, घर उभे राहिले. केळीचे माझ्यावर जे उपकार आहेत ते विसरून मी लिहीत नाही. पण तीन लागवडी एकापाठोपाठ झाल्या आणि चौथीला पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या वाऱ्यात माझी घडावर आलेली केळी आडवी झाली. शेजारच्या शेतातलीही काही पडली होती. पाहायला आलेल्या प्रत्येकाने वाऱ्याला दोष दिला.

मी मात्र दोन्ही शेतांत फिरून पडलेली झाडे पाहिली. शेजारच्या नव्या शेतात केळ खोडातून मोडली होती. माझ्या शेतात ती गड्ड्यासकट उपटून आली होती, कुंडीतले रोप हाताने उचलावे तशी. मुळे वीतभरही नव्हती. जी होती ती काळपट तांबडी, नखाने दाबली तर साल सुटून हातात येणारी. निरोगी केळीची मुळे पांढरी, दोरीसारखी असतात आणि वाफ्याच्या पार पलीकडे जातात. वाऱ्याने निरोगी केळ मोडते. जिची मुळे गेलेली असतात ती उपटून येते. पंचनाम्याच्या कागदात मात्र हा फरक लिहायला रकाना नसतो. दोन्हीकडे 'वादळाने नुकसान' इतकीच नोंद होते.

माझ्या शेतात काय झाले होते, ते नंतर वाचून आणि विचारून कळले. ते इथे जरा विस्ताराने लिहितो, कारण निम्मा जिल्हा याच वाटेवर आहे अशी माझी समजूत आहे.

केळीच्या मुळांत राहणारी सूत्रकृमी एक मिलिमीटरहूनही लहान असते. तिची एक जात मुळाच्या आत बोगदे करत फिरते, दुसरी मुळावर गाठी आणते, तिसरी चट्टे पाडते. मुळे कुजतात, त्या जखमांतून बुरशी आत शिरते. झाड उभे असते, पाने हिरवी असतात, पण धरून ठेवणारे खाली काही उरत नाही. केळीनंतर पुन्हा केळी लावली की या कृमींचे अन्न तुटत नाही. ऊतिसंवर्धित रोप प्रयोगशाळेतून निर्मळ येते, यात शंका नाही. पण आदल्या बागेचे गड्डे जिथे कुजत पडलेले असतात, त्याच ओळीत आपण ते लावतो. रोपाची निर्मळता काही महिन्यांत संपते.

दुसरी गोष्ट काळ्या जमिनीची. आपली तापीकाठची भारी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हात तापली की भेगाळते. जुन्या माणसांना उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आवडायच्या. जमीन श्वास घेते म्हणायचे. वरची ढेकळे त्या भेगांत पडतात, खालची माती वर येते, मशागतीला जे जमत नाही ते ऊन आणि पाणी मिळून करतात. बारमाही ठिबकाखालची केळी जमिनीला ही संधी देत नाही. ओळीतली पट्टी बाराही महिने ओली, दोन ओळींमधली पट्टी ट्रॅक्टरने दाबलेली. खते त्याच अरुंद ओल्या पट्टीत वर्षानुवर्षे पडतात आणि खोल कूपनलिकेच्या जड पाण्यातले क्षारही तिथेच साचतात. मुळांना चांगली माती जिथे हवी, नेमकी तिथली माती सर्वांत थकलेली असते.

'थकलेली' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. जुनी सफरचंदाची बाग काढून त्याच जागी नवी लावली की झाडे खुरटतात, हे युरोपातल्या बागाईतदारांना फार पूर्वीपासून माहीत आहे. जर्मन भाषेत त्याला जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ जमिनीचा थकवा असाच होतो. विदर्भात वरूड-मोर्शीकडे डिंक्याने गेलेल्या संत्र्याच्या जागी लगेच पुन्हा संत्रा लावणाऱ्याला हाच अनुभव येतो, कारण डिंक्याची बुरशी झाडाबरोबर मरत नाही, मातीत राहते. तिथे निदान खुंट बदलण्याची सोय आहे. जंबेरीऐवजी रंगपूर लिंबाचा खुंट घेता येतो. द्राक्षवाल्यांनीही खारवट जमिनीसाठी डॉगरिजचा खुंट घेतला. केळीला खुंट नसतो, तिच्यावर कलम होत नाही. तिला जी माती मिळेल त्या मातीत तिला स्वतःच्याच मुळांवर उभे राहावे लागते. म्हणून संत्रा किंवा सफरचंदापेक्षा केळीच्या बाबतीत मातीची काळजी अधिक घ्यायला हवी होती. घेतली गेली कमी, कारण केळीचे झाड वर्षात बदलते आणि बाग दर वेळी नवी दिसते. झाड नवे असते, बाग मात्र जुनीच असते.

मी मातीचा नमुना दिला होता. मृदा स्वास्थ्य कार्डही आले. ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगडहून सुरू झाली, चांगल्या हेतूने झाली आणि तिचा उपयोगही आहे. कार्डावर १२ बाबी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. माझ्या कार्डावर नत्र कमी, पालाश भरपूर, बाकी ठीक होते. या १२ बाबींत सूत्रकृमी नाही, मर रोगाची बुरशी नाही, आणि मातीत जे काही जिवंत असते त्यांपैकी काहीच नाही. ज्या कारणाने माझी बाग पडली, ते त्या कार्डावर दिसणे शक्यच नव्हते. नत्र कमी म्हटल्यावर शेतकरी काय करतो? आणखी एक पोते टाकतो. मुळेच नसलेल्या झाडाला खत घालत राहतो.

साहेब, ही झाली थकलेली माती. आता रोगट मातीविषयी लिहितो, कारण या दोहोंचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत फार महाग पडेल.

पनामा मर नावाचा रोग फ्युजेरियम नावाच्या बुरशीमुळे होतो. त्या बुरशीच्या ज्या वाणाला जगभर 'ट्रॉपिकल रेस ४' किंवा थोडक्यात टीआर-४ म्हणतात, तो भारतात आधी बिहारच्या कटिहार-पूर्णिया भागात आणि उत्तर प्रदेशात सापडला. पुढे तो ज्या जिल्ह्यांत आढळला त्यांत गुजरातमधील सुरत आहे आणि आपले बुऱ्हाणपूरही आहे. ही बातमी शास्त्रज्ञांच्या वर्तुळात आहे. गावाच्या पारावर ती नाही. आमच्याकडे पाने कडेने पिवळी पडून खोडाशी लोंबायला लागली की कुणी हरण्या म्हणतो, कुणी पाण्याचा ताण म्हणतो, कुणी करपा म्हणतो. हरण्या रोग, म्हणजे काकडीवर्गातून येणारा सीएमव्ही विषाणू, माव्यातून पसरतो. २०२० आणि २०२१ मध्ये त्याने जळगाव आणि बुऱ्हाणपुरात हजारो शेतकऱ्यांना कोवळी रोपे उपटायला लावली, म्हणून ते नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. मर रोगाची खूण वेगळी असते : खोड आडवे कापले की आतल्या नळ्या तांबूस-तपकिरी दिसतात. ही साधी खूण ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, विळा पुरतो. पण ती खूण दाखवणारा कोणी गावात आलेला मी पाहिलेला नाही.

ही बुरशी जाड भिंतीचे बीजाणू करून यजमान झाड नसतानाही मातीत दशकानुदशके पडून राहते. फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. एका वर्षाची फेरपालट तिला संपवत नाही. आणि बसराई, श्रीमंती, जी-नाइन या आपल्या तिन्ही जाती कॅव्हेंडिश या एकाच कुळातल्या. एक सोडून दुसरी लावल्याने तिच्यापासून सुटका होत नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांनी ट्रायकोडर्मावर आधारलेले 'फ्युसिकॉन्ट' हे जैविक औषध विकसित केले आहे. तैवानने ऊतिसंवर्धनातून निवडलेल्या काही तग धरणाऱ्या जाती वापरल्या. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने जनुक बदललेल्या एका कॅव्हेंडिशला मान्यता दिली. हे सगळे चालू आहे आणि चांगले आहे. पण आज आपल्या हाती असलेला सर्वांत खात्रीचा उपाय एकच, ती माती एका शेतातून दुसऱ्या शेतात जाऊ न देणे. ती ट्रॅक्टरच्या चाकाला लागून जाते, रोटाव्हेटरच्या पात्याला लागून जाते, घड कापणाऱ्या टोळीच्या चपलांना लागून जाते, फुकट मिळाले म्हणून आणलेल्या मुनव्यांबरोबर जाते, पहिल्या पावसात नाल्याने जाते. भाड्याचा एक रोटाव्हेटर हंगामात किती शेतांत फिरतो, हे आपण कोणत्याही गावात विचारून पाहावे.

मध्य अमेरिकेत गेल्या शतकात ग्रो मिशेल नावाची केळी याच रोगाच्या जुन्या वाणाने संपली. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी काय केले? रोगट मळे सोडून दिले आणि जंगल तोडून पुढे नवे मळे केले. तेही संपत आले तेव्हा नाइलाजाने कॅव्हेंडिश लावली. त्यांच्याकडे पुढे जायला जंगल होते. आपल्याकडे पुढे काय आहे? दक्षिणेला महाराष्ट्राची केळी आणि उत्तरेला सातपुडा. नेपानगरच्या जंगलावर आधीच काय ओढवले आहे, ते आपल्या कार्यालयाला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे. तापीच्या खोऱ्यात केळीसाठी नवी जमीन उरलेली नाही. आहे तीच जमीन आपल्या नातवंडांना द्यायची आहे.

आणखी एक उदाहरण देतो, ते मला अस्वस्थ करते. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक आणि ग्वाडेलूप या फ्रेंच बेटांवर केळीच्या सोंड्या भुंग्यासाठी १९७२ पासून १९९३ पर्यंत क्लोरडेकोन नावाचे कीटकनाशक जमिनीत घातले गेले. आज तिथली माती, झरे आणि किनाऱ्याची मासळीही त्या विषाने दूषित आहे आणि ते शतकानुशतके राहील असे शास्त्रज्ञ सांगतात. त्याच बेटांनी पुढे कृमींसाठी वेगळा मार्ग धरला. जुनी बाग पूर्ण मारायची, गड्डे जिवंत ठेवायचे नाहीत, साधारण वर्षभर त्या शेतात केळी लावायची नाही, आणि मग ऊतिसंवर्धित निर्मळ रोप लावायचे. खाणारी मुळे नसली की कृमींची संख्या आपोआप खाली येते. म्हणजे सगळे विष वापरून झाल्यावर ते ज्या ठिकाणी पोचले, त्याला आपल्या आजोबांच्या भाषेत बेवड म्हणतात. आपण तिथे आधीच उभे होतो.

मी माझ्या शेतातल्या एका एकरावर ते करून पाहिले. बाग निघाल्यावर गड्डे उकरून बाहेर काढले, नांगरट करून जमीन दोन महिने उन्हात तापू दिली, पावसावर ताग पेरला, फुलावर येताच गाडला, रब्बीत गहू घेतला आणि पुढच्या मृगात केळी लावली. बांधाच्या कडेने झेंडू लावला, कारण झेंडूची मुळे कृमींना मारक असतात. एकाने सुचवले होते तशी केळीनंतर हळद मात्र घेतली नाही. मुळांत बोगदे करणारी कृमी हळदीवरही जगते, त्यामुळे पीक बदलले तरी बेवड बदलत नाही. पुढच्या केळीची मुळे मी स्वतः उकरून पाहिली. ती पांढरी होती. त्या एकरातली एकही केळ गड्ड्यासकट पडली नाही. एका एकरावरून सिद्धांत मांडण्याएवढा मी अविचारी नाही, पण जे दिसले ते लिहिणे माझे काम आहे.

ते करण्याची किंमतही लिहायला हवी. पाच बाय पाच फुटांवर एका एकरात १,७०० हून अधिक केळी बसतात. त्यांच्या जागी एक वर्ष ताग आणि गहू घेणे म्हणजे त्या एकराचे जवळजवळ सगळे उत्पन्न सोडणे. मला ते जमले, कारण दुसऱ्या दोन एकरांत केळी उभी होती आणि घरात कुणाचे लग्न नव्हते. ज्याचे सगळे रान मिळून दोन एकर आहे, ज्याच्यावर बँकेचे पीककर्ज फिरते आहे, त्याला बेवडाचा सल्ला देणे क्रूरपणाचे आहे. आणि जो दुसऱ्याचे शेत बटईने किंवा वर्षाच्या ठरीव रकमेवर करतो, त्याने ताग का पेरावा? त्याचे फळ पुढच्या वर्षी येणार आणि पुढच्या वर्षी शेत त्याच्याकडे असेल की नाही, ते त्यालाच ठाऊक नसते. मालकाला रकमेशी काम, करणाऱ्याला घडाशी. जमिनीची बाजू घेणारे त्या व्यवहारात कोणीच नसते. जमीन बिघडण्याचे हे कारण मी खतापाण्याहून मोठे मानतो आणि कोणत्याही कृषी मेळाव्यात त्यावर बोललेले मी ऐकलेले नाही.

म्हणून हे पत्र कृषी अधिकाऱ्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे. कृषी अधिकारी सल्ला देतील. जमिनीची बाजू घ्यायला शासन लागते.

'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत बुऱ्हाणपूरचे उत्पादन केळी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शहरात केळी महोत्सव भरला. पावडर, चिप्स, खोडाच्या धाग्याच्या टोप्या आणि पिशव्या मांडल्या गेल्या. बचत गटांच्या बायांनी केलेले ते काम पाहून मला मनापासून आनंद झाला. एका हेक्टरातून घड उतरल्यावर ६० ते ८० टन खोड मागे राहते. पूर्वी ते नाल्याच्या कडेला टाकले जायचे. त्याचा धागा निघाला तर उत्तमच. त्या खोडात पालाशही मोठ्या प्रमाणात असते आणि ते बारीक करून त्याच शेतात गाडले तर जमिनीला परत मिळते. पण इथेही आधी कळायला हवे की ते शेत थकलेले आहे की रोगट. थकलेल्या शेताला खोड परत द्यायचे असते. मर लागलेल्या शेतातले खोड गाडीत भरून जिल्हाभर फिरवणे म्हणजे रोग वाटणे. प्रक्रिया उद्योगाला प्रोत्साहन देताना हा विचार झालेला मला कुठे दिसला नाही.

आता आपल्याकडे काय मागतो ते लिहितो.

जिल्ह्यातल्या ज्या शेतांत सलग पाच वर्षांहून अधिक केळी आहे, तिथल्या मातीबरोबर मुळांचेही नमुने घेतले जावेत आणि त्यांत सूत्रकृमी व मर रोगाची बुरशी तपासली जावी. यासाठी तिरुचिरापल्लीला राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे, जळगावला केळी संशोधन केंद्र आहे. जळगाव दुसऱ्या राज्यात आहे, ही अडचण मानू नये. १० मे २०२५ रोजी तापी खोऱ्याच्या महापुनर्भरणासाठी दोन्ही राज्यांनी भोपाळमध्ये करार केला. पाण्यासाठी दोन राज्ये एका टेबलाशी बसू शकतात तर मातीसाठीही बसू शकतील. बुरशीला इच्छापूर कुठे संपते आणि रावेर तालुका कुठे सुरू होतो ते कळत नाही.

दुसरी मागणी पैशाची आहे आणि ती मी संकोच न करता करतो. फलोत्पादनाच्या केंद्रीय अभियानात ऊतिसंवर्धित केळी लावायला अनुदान मिळते. त्याच अभियानात जुन्या, जर्जर बागांच्या पुनरुज्जीवनाचा घटकही आहे. आंबा-संत्र्याची जुनी बाग डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यासाठी तो लागू करणे सोपे जाते. केळीची जुनी बाग मातीत असते. आपण राज्याकडे प्रस्ताव पाठवावा की बुऱ्हाणपुरात लागवडीच्या अनुदानाआधी बेवडाच्या एका हंगामाला आधार मिळावा : ताग-धैंच्याचे बी, गड्डे काढण्याची मजुरी आणि त्या वर्षाच्या घटलेल्या उत्पन्नाचा काही भाग. शेत दुसऱ्याला करायला दिलेले असेल तर हा आधार मालक आणि करणारा यांच्यात वाटला जावा, म्हणजे दोघांनाही जमिनीत रस राहील.

तिसरी गोष्ट मर आढळलेल्या शेतांची. अशा शेतकऱ्याला आज बोलायची भीती वाटते. त्याने सांगितले तर व्यापारी फिरकणार नाही, शेजारी बांधावर भांडेल. म्हणून तो गप्प राहतो आणि रोग पुढे जातो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या टुली भागात मार्च २०१५ मध्ये पहिल्यांदा टीआर-४ सापडला, तेव्हा ते शेत बंद केले गेले आणि २०१६ मध्ये केळी उत्पादकांच्या संघटनेने सरकारच्या मदतीने ते विकत घेतले. ज्याच्या शेतात रोग निघाला त्याला एकटा सोडले नाही, म्हणून पुढचे शेतकरी बोलू शकले. आपल्याकडे शेत विकत घेणे परवडणार नाही, हे मला कळते. पण रोग कळवणाऱ्याचे नाव जाहीर होणार नाही आणि त्याला दुसऱ्या पिकासाठी मदत मिळेल, एवढे आश्वासन जिल्हाधिकारी देऊ शकतात. त्यासोबत भाड्याची अवजारे एका शेतातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी धुण्याची सक्ती व्हावी आणि मर लागलेल्या गावातून मुनवे बाहेर नेण्यास बंदी यावी.

आणि या सगळ्याची पत्रके हिंदीबरोबर मराठीतही छापावीत. आम्ही ती वाचू.

मी नेपानगरात राहतो. आमची कागद गिरणी पंडित नेहरूंनी २६ एप्रिल १९५६ रोजी देशाला अर्पण केली. देशातला वर्तमानपत्री कागद पहिल्यांदा इथे बनला. यंत्रे जुनी झाली, उत्पादन परवडेना, आणि २०१६ मध्ये ती थांबवावी लागली. त्यानंतरच्या सहा वर्षांत या गावाने काय सोसले, ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. केंद्र सरकारने पुनरुज्जीवनासाठी शेकडो कोटी रुपये दिले, यंत्रे नवी झाली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये गिरणी पुन्हा सुरू झाली. थकलेले यंत्र तसेच ओढत राहिले तर एक दिवस ते कायमचे बंद पडते आणि थांबून दुरुस्त करायला पैसा लागतो, तो एकट्या कामगाराच्या खिशातून येत नाही, हे आमच्या गावाला शिकवावे लागत नाही. तापीकाठची जमीन या गिरणीपेक्षा कितीतरी जास्त घरे चालवते. तिला आजवर एकही हंगाम थांबू दिलेले नाही.

बुऱ्हाणपूर शहराला जमिनीखाली पाहायची सवय जुनी आहे. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानांच्या काळात कुंडी भंडारा खोदला गेला. सातपुड्याच्या पायथ्याला मुरणारे पाणी जमिनीखालून वाहते हे ओळखून, बोगद्यांनी आणि कुंड्यांनी ते शहरात आणले. वरून काहीच दिसत नसताना खाली काय चालले आहे, हे त्यांनी शोधून काढले होते. आज आपल्याकडे सूक्ष्मदर्शक आहेत, प्रयोगशाळा आहेत, शास्त्रज्ञ आहेत.

माझी विनंती आहे की येत्या मृगाची लागवड सुरू होण्यापूर्वी हे काम हाती घ्यावे. जिल्हाभर एकदम जमणार नसेल तर प्रत्येक तालुक्यातून दहा जुनी शेते निवडावीत. नेपानगर तालुक्यातला पहिला नमुना माझ्या शेतातून घ्यावा. अहवालात जे निघेल ते गावापुढे वाचून दाखवायला माझी हरकत नाही, मर निघाला तरीही. ज्या दिवशी आपली माणसे येतील त्या दिवशी मी कुदळ घेऊन बांधावर हजर असेन.

आपला विश्वासू,
नेपानगर तालुक्यातील एक केळी उत्पादक